सहअर्जदार माहेरी आहेत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१७ ऑगस्ट २०२५

जोतीरामदादांस,

नमस्कार. आई बऱ्या असतील. शाहूवाडीकडं पाऊस अजून उघडला नसेल, पण भात चांगला धरला असेल. मी ठीक आहे. डेअरीत सकाळची ड्युटी असते, डबा खानावळीतून येतो. तुमचे फोन मी उचलले नाहीत, राग धरू नका. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

घराच्या कर्जाची पूर्वमंजुरी आली. मे महिन्यात आम्ही दोघांनी अर्ज केला होता. माझा पगार आणि तेजस्वीचा शाळेतला पगार, दोन्ही धरून कसबा बावड्यातला तो फ्लॅट बसतो. तिनं तुम्हाला जागा दाखवली होती. अजून नुसते खांब आणि स्लॅब आहेत. रविवारी मी तिथं जातो. जिथं स्वयंपाकघर होणार तिथं उभा राहतो. खाली ऊस आहे, वारा आला की सगळा एका अंगाला झुकतो. भिंती नसल्यामुळं तेजस्वी कुठूनही आत येते. कधी जिन्याकडून, कधी सरळ आभाळातून. खिडकी रुंद ठेवा म्हणते. मी बरं म्हणतो.

पंचमीच्या आठवड्यात बँकेतल्या मॅडमनी मला बोलावलं होतं. आमच्याच पेठेतल्या आहेत, मोठ्यानं बोलतात.

"सहअर्जदार कुठं हायत? त्यांची सही पायजे की."

मी हातातले कागद चाळू लागलो. मग त्याच म्हणाल्या, "पंचमीला माहेरी गेल्यात व्हय?"

मी मान डोलावली.

"मुऱ्हाळी कोण आलता?"

"थोरला भाऊ."

दरवर्षी तुम्हीच तिला न्यायला येता. तोंडातून तेच आलं.

त्यानंतर दोनदा गेलो. मॅडम लांबूनच विचारतात, "काय ओ, आल्या का न्हाय? का भांडून गेल्यात?" सगळी बँक हसते. गुरुवारी म्हणाल्या, "भाऊ लय मायेचा दिसतोय. पाठवा म्हणावं आता, सहीपुरतं तरी!" दादा, मीही हसलो. बाहेर येऊन गाडी सुरू करताना मला खरंच वाटत होतं की ती तुमच्याकडं आहे. सोप्यात बसून आईंशी बोलते आहे. तुमचा फोन उचलला असता तर ते मोडलं असतं.

जूनमध्ये पंचगंगेवर आपण दोघांनी तिची रक्षा सावडली. ते मला माहीत आहे. मला वेड लागलेलं नाही.

अर्जातून तिचं नाव काढलं की माझ्या एकट्याच्या पगारावर तो फ्लॅट बसत नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी होईल. ते मी सोसेन. पण मॅडमना खरं सांगितल्यावर तेजस्वी येईल म्हणून वाट बघणारं एकही माणूस उरणार नाही. तेवढ्यासाठी पाय अडतो.

तरी आता सांगायला हवं. पुढच्या सोमवारी, २५ तारखेला, मी बँकेत जाणार आहे. तुम्ही यावं. तुम्ही काही बोलू नका, शेजारच्या खुर्चीत नुसते बसा. सांगेन मीच. आईंना यातलं काही कळू देऊ नका.

बहीण गेल्यावर दाजी हे नातं राहतं का, ते मला ठाऊक नाही. राहत असेल तर,

तुमचा दाजी,
विजयसिंह