खंडेनवमीचं तेल आणि निकिताचा वेग

सुपा, दसऱ्यानंतरचा मंगळवार

तीर्थरूप गोरक्षनाथ दाजींच्या चरणी (प्लास्टर नसलेल्या) मेहुण्याचा, राधाकृष्णाचा, साष्टांग नमस्कार. साष्टांगाचा सराव हल्ली उत्तम आहे. रोज सकाळी कॉलेजच्या रस्त्यावर दोन-तीनदा घडतो. पायाची खाज कमी झाली का? प्लास्टरमध्ये स्वयंपाकघरातलं उलथनं घालून खाजवू नका, अक्का ते शोधत होती. ज्वारीची पेरणी उरकली असेल, बांधावर खुर्ची टाकून तुम्ही ती दुसऱ्यांकडून करून घेतली असेल आणि ती सगळी चुकीची झाली असेल, असं गृहीत धरतो.

मी नुसतं ‘निकिता’ म्हटलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. बन्सीच्या कांद्याच्या टेम्पोतून धाडतोय, उद्या कर्जतला पोचेल. तुमचं म्हणणं मला कळलेलं आहे. मामानं कॉलेजसाठी घरी ठेवलेल्या भाचीला नादी लावलं, दसऱ्याला चालून आलेलं स्थळ घालवलं, तेव्हा आता गुलमर्गचं निवड शिबिर विसरायचं आणि पोरीला शनिवारच्या एसटीत बसवून घरी पाठवायचं. शिबिराची गाडी रविवारी सुटते. मध्ये एवढीच फट आहे, तीत पाय घालून मी उभा आहे. झालं ते निःपक्षपातीपणे सांगतो. (पक्ष माझाच आहे, पण सांगणं निःपक्षपाती.)

मुळात मी या भानगडीत पडलोच कसा? तर यंदा संस्कृतला विद्यार्थी आला नाही. एकही नाही. गेल्या वर्षीचा एकुलता एक मुलगाही पशुवैद्यकीयला गेला. निदान तिथले रुग्ण रूपं चुकवत नाहीत. प्राचार्यांनी मला बोलावून फार प्रेमानं विचारलं, की सर, आता तुमचं करायचं काय? त्याच आठवड्यात ज्ञानेश्वरी मॅडमनी, म्हणजे आमच्या क्रीडाशिक्षिकेनं, क्रॉस-कंट्री स्कीइंगचा संघ काढला होता. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, हातांत काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून मैलोन्‌मैल जायचं, असा तो खेळ. सुप्यात बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, म्हणून इथं चाकं लावलेल्या पट्ट्यांवर, डांबरी रस्त्यावर सराव. मॅडमना सहायक हवा होता. प्राचार्य म्हणाले, “सर, हिमालयाची वर्णनं आयुष्यभर तुम्हीच शिकवलीत. एवढा अनुभव या तालुक्यात दुसऱ्या कुणाला हाय?” अशा रीतीनं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी हिमक्रीडेचा सहायक प्रशिक्षक झालो.

सहायकाचं काम म्हणजे खेळाडूच्या शेजारून पळत ओरडायचं आणि पळता पळता तिला गरम पेय पाजायचं. (आम्ही हुलग्याचं माडगं देतो. पहिल्या दिवशी निम्मं तिच्या तोंडात आणि निम्मं माझ्या बुटात गेलं.) मॅडमच्या आग्रहावरून मी स्वतःही पट्ट्या बांधून पाहिल्या. त्या वेळी डावा पाय सुप्याकडे गेला आणि उजवा पुण्याकडे. माझी संधी कायमची विग्रहात निघाली असती, पण निकितानं मागून शर्ट धरला. दाजी, तुमची लेक या खेळात जी दिसते ती तुम्ही पाहिलेलीच नाही. घरात तिला पाण्याचा तांब्या आणायला सांगितला तर संध्याकाळ होते. चढावर मात्र तिच्यामागे धावताना मला देव आठवतात, आणि तेही सगळे नाही, जे लवकर येतात तेवढेच.

आता अपराधाकडे येतो. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुसून, तेलपाणी करून पुजायची, हे तुमच्या-माझ्या घरचंच वळण. मी संघाच्या पट्ट्या धुतल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि चाकांच्या आत शिलाई मशीनचं तेल सोडलं. सढळ हातानं सोडलं. सरावाची चाकं मुद्दाम जड फिरणारी असतात, म्हणजे उतारावर पोर आपोआप थांबते, आणि या प्रकाराला ब्रेक नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (मॅडम म्हणतात सांगितलं होतं.)

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्त चांगला म्हणून प्राचार्यांनी सीमोल्लंघनाचं प्रात्यक्षिक ठेवलेलं, आणि मुहूर्त चांगला म्हणून तुम्हीही पाहुणे त्याच दिवशी आमच्या घरी धाडलेले. निकिता कॉलेजच्या उतारावरून निघाली. नेहमी ती झेंड्यापाशी थांबते. त्या दिवशी झेंडा गेला, आपट्याची पानं घेऊन उभे असलेले प्राचार्य गेले, फाटक गेलं, आणि पोरगी थेट कारखान्यांकडच्या सिमेंटच्या रस्त्याला लागली. तिथं पाहुण्यांची बोलेरो आमच्या घराकडे चाललेली. खिडकीत मुलाची आई, मालनबाई. निकितानं गाडीला मागं टाकता टाकता त्यांना ओळखलं, आणि दाजी, काठ्या मनगटाला लोंबकळत असताना तिनं दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. हे संस्कार तुमचे. वाकल्यानं वेग आणखी वाढला.

पुढं दगडाबाईनं रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं, म्हणून पोर वाचली. चाकांत दाणे भरले आणि ती ढिगात बसली. दगडाबाई कमरेला पदर खोचून धावल्या, “अगं ये भवाने, डोळे हायती का बटणं? लागलं का कुठं? न्हाई ना? मग ऊठ अन्‌ भर सगळं!” पाहुण्यांनी मुलगी पहिल्यांदा नीट पाहिली ती सोयाबीन भरताना. मुलगा अमृत उतरून सूप धरायला लागला. मालनबाईंनी त्याला हाक मारून परत गाडीत बसवलं. आमच्या सौ. सवितानं केलेले पोहे त्यांनी खाल्ले, “लई पळती बया,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. निरोप अजून नाही. यात पोरीचा दोष शोधून पाहिला, सापडला नाही. तेल माझं, मुहूर्त तुमचा.

तुमचा हुकूम तिला सांगितला तेव्हा ती रडली नाही. चाकातले दाणे टाचणीनं काढत बसली होती. म्हणाली, “मामा, पप्पांना म्हणावं, माझी निवड झाली न्हाई तर येते की घरी. पण एकदा खऱ्या बर्फावर पडून तरी बघू द्या.” यावर तुमच्याकडे काही उत्तर असेल तर तिलाच फोन करून सांगा, माझ्यामार्फत नको.

अक्काला नमस्कार. पाय उंचावर ठेवा, आवाज खाली.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. पत्र पाकिटात घालताना ज्ञानेश्वरी मॅडम आल्या. म्हणाल्या, काल कर्जतहून कुणा गृहस्थांचा फोन आला होता, नाव सांगेनात, गुलमर्गला थंडी किती असते, भाकरी मिळते का, आणि मुलीला दोन स्वेटर पुरतील की तीन, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. मागं अक्काचा आवाज येत होता, “चार म्हना, चार!” म्हणजे वरचं सगळं पत्र वाया गेलं. फाडणार होतो, पण लिहायला दोन दिवस लागलेत, तेव्हा वाचाच.

ता. क. दुसरा. आता खरं काम. निकिताला तुमची परवानगी आहे, पण मला सविताची नाही. सहायक प्रशिक्षक संघाबरोबर जायलाच हवा, आणि ती म्हणते, सपाट रस्त्यावर ज्याला उभं राहता येत नाही त्यानं काश्मीर बघू नये. ती या घरात फक्त तुमचा शब्द मानते. शनिवारच्या आत तिला फोन करा आणि सांगा, की राधाकृष्ण तिकडे नुसता थर्मास धरून कडेला उभा राहील, बर्फावर पाऊलही ठेवणार नाही. तुम्ही सांगितलंत तर तिला खरं वाटेल. मी माझ्या मापाचे बूट मागवले आहेत.