सात वेळा सोडलेली मात

शुक्र. ७ नोव्हें.
हरले. हमिदा खूश. जाताना माझी हनुवटी हलवून म्हणाली, "पारू, म्हातारी झालीस गो." माझ्याहून वर्षाने मोठी आहे ती! तिचा नवरा गेल्यापासून तीन वर्षं दर शुक्रवारी तिला बुद्धिबळात जिंकू देते. आठवड्यातून ती तेवढंच हसते.
सुजाता, तोंड मिटून लिही. सून आहेस, पंच नाहीस.
हमिदेच्या इम्रानला कुवेतमध्ये बसून आईचा डाव बघायचा होता, म्हणून हिनेच आज एकेक चाल फोनात घातली.

शनि. ८
झालं वाटोळं. इम्रानने तो डाव एआयकडून तपासून घेतला आणि निकाल आईला धाडला. अंगणात भात वाळत घातलेलं, हमिदा त्यावरूनच तुडवत आली.
"सात येळा मात होती तुझ्या हातात. सात! चष्म्याशिवाय सुई ओवतेस, आन् माझा राजा दिसला नाय?"
म्हटलं, म्हातारी झाले, तूच म्हणालीस ना.
हसली नाही. "किती वर्सं चाललंय हे?"
मी चहा पुढे सरकवला. तिथंच फसले.
"भीक घालत होतीस मला," म्हणाली आणि गेली. चहा तसाच. साय धरली.

मंगळ. ११
त्या एआयशी स्वतः खेळले. मी सांगायचं, सुजाताने बोट लावायचं. वीस चालींत खलास. दुसरा डाव, तेच. मेल्याला ना माझे पांढरे केस दिसत, ना मोकळं कपाळ. त्याचं एकच, बसलीस ना खेळायला, मग खेळ!
राग आला. आणि खरं सांगू, बरंही वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी मला हातचं न राखता हरवलं.
हमिदेला मी तीन वर्षं एवढंही दिलं नाही. हे कळायला फोन लागावा...

शुक्र. १४
पट मांडला. पांढऱ्या सोंगट्या तिच्या बाजूला. दुपारची नमाज झाली, चपला वाजल्या. फाटकापुढून सरळ बाजाराकडे गेल्या.
कोंबडीने येऊन एक उंट पाडला. आजचा खेळ तेवढाच.

शनि. १५
सकाळपासून डोक्यात एकच. हे गेले त्या वर्षी हमिदा माझ्याकडून एकही डाव जिंकली नाही. गावभर सांगत फिरले मी, दुःखाने डोकं तल्लख होतं म्हणून. त्यातला एक डाव चालींसकट पाठ आहे. येईल त्याला ऐकवते.
आज सुजाताला ऐकवला. फोनात पुरा गेला.
पण तपासायच्या आधी तिला हमिदेकडे पाठवलं. विचार, त्या वर्षी तू मला मुद्दाम जिंकू देत होतीस का?
हमिदा तांदूळ निवडत होती म्हणे. मान वर केली नाही. "माझ्या तोंडचं कशाला पायजे तिला? फोनलाच विचार म्हणावं."
आता सुजाता बसलीय, एका हातात पेन, एका हातात फोन. तपासायचं बटण एकच आहे म्हणते.
"आई, दाबू?"
म्हटलं, आधी भात बघ, करपतोय.
"भात कधीच उतरवलाय, आई."