मामंजींच्या आजारी अळ्या

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद, तूर्त तरी. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. वडिलांच्या डोक्यात किडा सोडून दोन दिवसांत निघून गेलेल्या माणसाला काय होणार? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. अळ्याही खुशाल आहेत.

मक्यावर अळी पडली आहे, हे तुम्ही बघूनच गेलात. मधल्या कोवळ्या पानांचे पोंगे कुरतडलेत, बाकीच्या पानांची चाळणी झाली आहे. कणसं हातची गेली तर वर्षभराचं पीठ आणि म्हशीची वैरण दोन्ही विकत. अशा वेळी फवारणी करा, एवढंच तुम्ही सांगायचं. (त्यासाठीच तुम्हाला शेतीचं शिक्षण दिलं, असा माझा समज होता.) तुम्ही बांधावर बसून मामंजींना सांगितलंत, की काही अळ्यांच्या पोटात गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी वाढते; ती बाहेर पडते तेव्हा अळी मरते, आणि मग माशी दुसऱ्या अळ्यांत अंडी घालते; औषध मारलं तर तीही मरते. एवढं सांगून तुम्ही बसमध्ये बसलात.

तेव्हापासून मामंजी मरगळलेल्या अळ्या, पोटात माशी असेल म्हणून, वेचून घरी आणतात. धडधाकट अळी जागच्या जागी चिरडतात. (या घरात लाड करून घ्यायचे तर आजारी पडावं लागतं, हे मला लग्नापासून माहीत आहे.) एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खोली. खोली म्हणजे माझा डबा. माझी मोहरी आणि जिरं कागदाच्या पुड्यांत आहेत. परवा यांनी कामावर जेवायला डबा उघडला, तर आतल्या छोट्या डबीत पाहुणी. यांनी झाकण लावलं आणि कोरडंच जेवले. घरी येऊन म्हणाले, "पान मात्र ताजं होतं." वडिलांविरुद्ध याहून जास्त ते आजवर बोललेले नाहीत. सासूबाईंच्या औषधाच्या डबीला वारांचे कप्पे आहेत. बुधवारी त्या शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, आजची गोळी हलतेय."

माशीएवढं बारीक मामंजींना स्वतःला धड दिसत नाही. म्हणून रोज सकाळी चहा घेताना मला विचारतात, "आलं का कुणी?" मी हातातलं काम न सोडता नाही म्हणते. (झाकणं उघडून बघायला मला वेळ कुठे आहे?) येतील, असं म्हणून ते पानं बदलायला बसतात.

आता मुद्द्याचं. उद्या हे त्यांना डोळे तपासायला नेणार आहेत. पंपवाल्याला मी सकाळीच बोलावलं आहे. ते परत येईपर्यंत शेत फवारून झालेलं असेल आणि माझे डबे घासून पालथे. फवारणी तुमच्या सांगण्यावरून झाली, एवढं त्यांना कळवा. माझ्यावर ते रागावणार नाहीत. नुसते बोलायचे थांबतील, आणि ते मला झेपणार नाही.

तुमची
एकही डबा नसलेली वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. सकाळी दोघं गेल्यावर डबे रिकामे करायला घेतले. मोहरीच्या डब्यात अळीचं नुसतं कातडं, शेजारी तांदळाच्या कणीएवढा फुटलेला कोष, आणि झाकणाला आतून पंख फुटलेल्या मुंगीसारखी एक माशी. मी झाकण परत लावलं. पंपवाला दारात उभाच होता. तशीच शेतावर गेले आणि पोंग्यापाशी डबा उघडला. माशी पानावर बसून राहिली. (एवढं करून ही आळशी निघाली, असं वाटलं.) मग पोंग्यात उतरली. मागून पंपवाला विचारत होता, कुठून सुरू करू. त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझं डोकं फिरल्याचं आता गावभर होईल.

मामंजी डोळ्यांत औषध घालून आले. दिसत काहीच नव्हतं, तरी विचारलंच, "आलं का कुणी?"

"आलं," म्हटलं. "शेतावर गेलंय."

त्यांनी चहा दोनदा मागितला.

दुसरा ता. क. फवारणीबद्दल त्यांना चकार शब्द कळवू नका. एका माशीनं शेत वाचत नाही, हे मलाही कळतं. उरलेल्या अळ्या मी हातानं चिरडते आहे, मरगळलेल्या सोडून. येताना जाळीच्या झाकणाच्या छोट्या डब्या आणा, मिळतील तेवढ्या. तुम्हालाच सुचलं म्हणा. मी अजून चिडलेली आहे, असं त्यांना वाटतंय. आणि मी आहेच.