काळ्या गाडीतून सासरी

बाबा,

आज नातवानं जुनी गाडी घेतली. काळीच. दाराशी उभी केली आणि लगेच फडकं मागत आत आला. मी एक विरलेलं लुगडं फाडून त्याला दिलं आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत, की तुम्हाला पाहिलेलं माणूस आता या घरात मी एकटीच उरले आहे.

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात तुम्ही खामगावहून ती मोटार आणलीत. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जानेफळात मोटार आली की माणसं हातातलं काम टाकून बघायला येत. ही मात्र बघण्यासारखी नव्हती. एका जिनिंगच्या आवारात ती वर्षानुवर्षं उभी होती. अंगावर सरकीच्या तेलाचा चिकट थर, त्यावर कापसाची तुसं, त्यावर धूळ. काळा रंग राखेसारखा दिसत होता. आत्यानं ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"हे काय आणलं रे भाऊ? काळी मोटार! याच्यात नवरी बसवशीन?"

"पोरगी आपल्या गाडीत जाईन," तुम्ही म्हणालात.

"मंग लाल रंग देऊन घे. नाही तं छकडा जुंप."

दुपारी जेवायला बसलात तेव्हा मी वाढत होते. भाकरी मोडता मोडता, वर न बघता तुम्ही विचारलंत, "मेहकरचा रंगारी लाल करून देते म्हन्ते. तुले काय वाटते?"

त्या लग्नात मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मुलगा कसा वाटतो, हेही कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "काळीच राहू द्या. पन चमकली पाह्यजे."

तुम्ही हसलात. आई गेल्यापासून तुम्ही कामापुरतंच बोलायचात, हसताना तर मी पाहिलंच नव्हतं.

मग सकाळचं ऊन अंगणात उतरायच्या आत आपण दोघं लिंबाखाली कामाला लागायचो. मी रिठे भिजवून फेस करायचा, तुम्ही बादल्या आणायच्या. तेलाचे डाग रॉकेलच्या बोळ्यानं काढायचे आणि लगेच पाण्यानं धुवायचे, नाहीतर रंग खराब होतो. गाडी दुरुस्त करून जानेफळला आणून देणाऱ्या खामगावच्या मिस्त्रीचाचांनी रंग घासायचा लेप आणि पॉलिशची डबी दिली होती. तुमच्या जुन्या धोतराच्या मऊ घड्या करून आपण पत्रा घासत होतो. आत्या पडवीतून पापड लाटता लाटता बडबडत होती, "नवरीचे हात पाहा, हळद लागन का त्याले आता!" आणि माझ्या नखांत काळं भरलेलं. टपावरून हात फिरवत तुम्ही म्हणता, "इथं खरखर लागून राह्यली, अजून घे." मी घासते. राखेखालून काळा रंग वर येत जातो, ओल्या काळ्या मातीसारखा.

एके दिवशी बॉनेट पुसता पुसता तुम्ही एकदम बोललात. "तुही माय मले पयल्यांदा दिसली, ते काळ्या चंद्रकळेत. संक्रांतीचा दिस होता. तवापासून काळ्या रंगाले वाईट म्हनवत नाही मले." मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर तुम्हीही थांबला असतात. ती जात्यावर काय गुणगुणायची, पाटल्या नको म्हणून शिवणयंत्र कसं मागून घेतलं तिनं, सगळं तुम्ही त्या गाडीला सांगत होता आणि मी ऐकत होते.

बिदाईच्या वेळी मामंजी गाडीपाशी येऊन थबकले. फेटा सावरत म्हणाले, "काळ्या गाडीत सून नेणं आमच्यात चालत नाही." आत्या तर तयारच होती, तिनं छकड्यासाठी हाक मारली. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे होता. तो हात मला डोक्यावरच्या पदराखालून दिसत होता. नवरीनं बोलायचं नसतं. तरी मी बोलले.

"मामंजी, हे गाडी म्या अन् बाबानं हातानं घासली. मी याच्यातच येतो."

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. मामंजी काही बोलणार, एवढ्यात सासूबाई पुढं आल्या. गाडीच्या दारापाशी वाकल्या. चकचकीत पत्र्यात बघून नथ सरळ केली, केस मागं सारले. मग म्हणाल्या, "अगं बाई, केवढी दिसते मी! घरच्या आरशात तर नुसतं कपाळ दिसतं." आणि दार उघडून सरळ आत बसल्या. "ये गं, माझ्याजवळ बस. त्यांना यायचं असलं तर पुढं बसतील."

मामंजी पुढं बसले, नवरदेव माझ्या दुसऱ्या बाजूला. गाडी चालवायला मिस्त्रीचाचा होते. सासर देऊळगाव राजाला, रस्ता लांबचा. वाटेत सासूबाईंनी माझा हात हातात घेतला आणि नखांतला काळेपणा पाहून पदराखाली झाकून ठेवला.

पुढं नणंदेचं लग्न निघालं, तेव्हा मामंजींनी स्वतः निरोप धाडून तीच गाडी मागवली. तुम्ही आदल्या दिवशीच फडकी घेऊन हजर झालात. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि मी चुलीपुढं अडकलेली. खिडकीतून दिसत होतं, तुम्ही एकटेच गाडी घासत होता. मान खाली. कुणाशी काही न बोलता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? नातू बाहेरून हाक मारतोय, आजी, बघायला ये. जाईन. पण त्याआधी एक सांगते. डावीकडचं मागचं दार मी घासलं होतं, आठवतं? ते सगळ्यांत शेवटी झालं. तुम्ही आत्याला म्हणालात, पोरीच्या हातात जोर नाही. जोर होता, बाबा. मी मुद्दाम हळू घासत होते. गाडी झाली की तुम्ही पुन्हा गप्प होणार, हे मला ठाऊक होतं.