सातव्या बोअरचा आकडा

अप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी रस्त्यावर काठी ठोकून ऐकायची तुमची सवय माझ्यात उरलीय. तुमचा जन्म गेला घाटातले रस्ते सांभाळण्यात. तीनदा ठोकायचं, कान द्यायचा. पोकळ वाजलं की खालची माती पाण्यानं नेली समजायचं. आठवीत असताना मी तुमच्या वहीत पावसाचा एक आकडा अंदाजानं भरला, तेव्हा तुम्ही ते पान टराटरा फाडलंत. "मार खा, पण न मोजलेला आकडा लिहू नकोस," म्हणालात आणि दोन दिवस बोलला नाहीत.

इथे जपानात माझं काम गोठलेल्या जमिनीचं. उंच डोंगरावरच्या एका दलदलीतून पर्यटकांच्या बसचा रस्ता नेलाय. मोऱ्या कमी ठेवल्या, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाचं शेवाळ वाळून पायाखाली चुरचुरतं. तुंबलेलं पाणी उन्हानं कोमट होऊन रस्त्याखाली झिरपतं, आणि जमिनीतला जुना बर्फ वितळत जातो. रस्त्याकडेला मारलेल्या नऊ बोअरांत तापमापक सोडून मी आकडे लिहायचे. मोठ्या भूकंपानंतरचा तिसरा उन्हाळा होता तो. भर दुपारी धुकं उतरलंय, सेन्सेई, म्हणजे माझे प्रोफेसर, गाडीत बसलेत. सातव्या बोअरपाशी मी सवयीनं काठी ठोकते, तीनदा. आणि खालून उत्तर येतं. टक, टक, टक. अगदी तुमच्या संथ लयीत. तापमापक हातातच राहिला आणि शास्त्रज्ञ बाई ढुंगणाला पाय लावून पळाली.

"झाले सगळे?" सेन्सेईंनी विचारलं. मी "हाय" म्हटलं, म्हणजे हो, आणि गाडीत बसून माझ्या वहीत सातव्यापुढे न मोजताच लिहिलं, अधिक दीड अंश.

आकडा शून्याच्या वर, म्हणजे खालचा बर्फ गेला; त्यामुळे रस्ता बंद करून खोदला. डांबराखाली माणूस उभा राहील एवढी पोकळी निघाली, छतातून पाणी ठिबकत होतं. बस भरल्या माणसांनिशी आत गेली असती. सेन्सेईंनी तिथे तापमापक धरला. अधिक दीड. "तुझ्या मोजमापावर डोळे मिटून विश्वास ठेवावा," ते म्हणाले, आणि मी वही पाठपिशवीत खोल सारली.

ते ठिबकणारे थेंबच होते, असं मी स्वतःला समजावते. पण थेंब तीनवर थांबतात का, अप्पा? सेन्सेईही गेले, त्यांना खरं सांगायचं राहून गेलं. हे पत्र इथल्या ओजिमा भागातल्या माझ्या घरी, बोअरांच्या त्याच वहीत ठेवतेय. ते सातव्या आकड्याचं पान तुम्ही असतात तर फाडलं असतंत. मला फाडवत नाही. खाली तुम्हीच होतात असं वाटतं, आणि मी पळाले.