‘बॉयलर’ ऐकून कोण काय म्हणालं

उधना, सुरत
१२ जानेवारी २०२५

चि. रूपालीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तू मुली सांभाळतेस त्या वसतिगृहावर फोन लागत नाही. लागला तरी फोनवर सगळे छानच म्हणतात, म्हणून पेनड्राइव्ह आणि हे पत्र पाठवतो. मी केलेला अल्बम आहे, नाव ‘बॉयलर’. सहा तुकडे आहेत. शब्द नाहीत, चाल म्हणशील तर तीही नाही. सगळे आवाज आमच्या कापड रंगवायच्या गिरणीतले, जुन्या लॅपटॉपवर जोडलेले. नेटवर टाकला तेव्हा पोलंडच्या कुणीतरी ‘थंड आणि काळा’ असं कौतुकानं लिहिलं. नाशिकच्या एकानं विचारलं, फाइल खराब आहे का.

तिथल्या माणसांना ऐकव आणि कोण काय म्हणतं ते गोड न करता कळव. आपल्याकडच्या एकालाही त्यात माणूस ऐकू आला नाही, तर अल्बम काढून टाकीन आणि लॅपटॉप देऊन टाकीन. मग जादा पाळी धरायला मोकळा. घरी आप्पांना ऐकवायचं की नाही, ते तूच ठरव.

घरातली पहिली पदवीधर म्हणून उपाशी राहायची सवलत नसते. वेळेवर जेवत जा.

तुझा दादा,
नवनीत


धडगावजवळून
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
रूपालीचा सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे, तूही असावास. तू खरं लिहायला सांगितलंस, तेव्हा रागावू नकोस. आमच्या स्वयंपाकाच्या प्रमिलाबाई म्हणाल्या की मिक्सरमध्ये चमचा अडकलाय. जीपवाल्या जालमसिंगकाकांना मी घाटात लावायला दिला, तर दुसऱ्या वळणावर गाडी थांबवून त्यांनी बॉनेट उघडलं. मागचे प्रवासी पोट धरून हसले. वसतिगृहातल्या मुली मात्र शहाण्यासारख्या ऐकत बसल्या. अर्ध्या तासानं त्यांतल्या आशानं हळूच विचारलं की ताई, गाणं कधी सुरू होणार.

पण काल दुपारचं वेगळं झालं. मी ओट्यावर स्पीकर लावला होता. पाचवा तुकडा लागला, त्यात एक ठोका पडतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठोका. थोड्या वेळानं वरच्या पाड्यावरून माणसं उतरताना दिसली. बायका डोक्यावर पदर घेऊन, पुरुष न बोलता. इथे माणूस गेल्यावर असाच ढोल वाजवतात, तो ऐकून लोक येतात, हे मला माहीत नव्हतं. कोण गेलं, असं ते विचारू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीच गेलं नाही, माझ्या भावाचं यंत्राचं संगीत आहे, असं मी कसंबसं सांगितलं.

कुणी रागावलं नाही. ढोल ऐकून आलेलं माणूस न बसता परत जात नाही म्हणे, म्हणून सगळे बसले. कालीबाई नावाच्या म्हाताऱ्या पुढे होत्या. त्या पावरीत, म्हणजे इथल्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या, ते आशानं मला मराठीत सांगितलं, “वाजवणाऱ्याचं कोण गेलं?”

मी म्हटलं, आमची माय. त्यांनी मान हलवली आणि तुकडा संपेपर्यंत बसून राहिल्या.

दादा, मायच्या दिवसांत तू डोळ्याला पाणी न आणता सगळं केलंस आणि तेरावं होताच कामावर गेलास. आप्पांनी ते अजून मनातून काढलेलं नाही. आता त्यांनाही ऐकवीन म्हणते.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझी,
रूपाली


उधना
१७ फेब्रुवारी २०२५

चि. रूपालीस,
अनेक आशीर्वाद.

जालमसिंगकाकांच्या बॉनेटवर गिरणीत माझ्या पाळीवरचे सगळे हसले. कालीबाईंचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मी परत रोलरजवळ उभा राहिलो, तेव्हा वाफेचा एक व्हॉल्व्ह पाचव्या तुकड्यातले ते ठोके देत होता. ते रोज रेकॉर्ड करत राहिलो. कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. इथे एका खोलीत आम्ही सहा जण, पाळ्या वेगवेगळ्या. खोलीत एकटं कधी राहता येत नाही आणि बोलायला कधी कुणी जागं नसतं.

अल्बम काढत नाही. कालीबाईंना माझा नमस्कार सांग. पण तू सगळ्या जगाचं मत लिहिलंस, स्वतःचं लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


ब्राह्मणपुरी
१८ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

होळीला मुली घरी गेल्या, म्हणून मीही इकडे आपल्या घरी आले. आप्पांना कालच ऐकवला. खाटेवर बसून, मान खाली घालून त्यांनी पाचवा तुकडा ऐकला. मग म्हणाले, “हाई गाणं नही शे.” मी स्पीकर बंद करायला उठले. तेव्हा म्हणाले, “पोऱ्या एकलाच रडस तठे. बलाव त्याले घर.” आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

माझं मत विचारलंस. मुली गेल्यावर वसतिगृहात दोन दिवस मी एकटीच होते. दोनदा लावला, दोनदा बंद केला. एकटीनं मला तो ऐकवत नाही. म्हणून तर दिसेल त्याला धरून ऐकवत होते.

शनिवारी मी परत जाईन. मग इथे आप्पा, तिथे मी आणि तिकडे तू. मायसाठी आपण तिघं एकदाही एकत्र बसलो नाही. पाळी बदलून मिळाली तर दोन दिवस ये, म्हणजे बसू.

वाट पाहणारी,
रूपाली