चिखलाचे बूट

चिमे,

सायकल घेऊन डोंगरावर जातोय. साठी उलटल्यावर रोज उतारावर हाडं मोडून घ्यायची हे कसलं खूळ, असं तू काल विचारलंस. तेव्हा आई समोर होती, म्हणून गप्प बसलो.

तिची गोळी दिली आहे, दूध तेवढं तू दे. आणि मी चिखलाच्या बुटांनी आत आलो तर दारात अडवू नकोस. लादी घाण झाली की ती माझ्यावर खेकसते, ‘अहो, आत्ताच पुसली होती ना!’ हल्ली तेवढ्यापुरतीच मला ओळखते.

काल वाट कोरडी होती, स्वच्छच परतलो. तिने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘कुणाकडे आलात?’

आज ओढ्यातून जातोय.

बाबा